बेचाळीस फोटो

नवी वस्तू घरात आली की मला आधी संशय येतो. नव्या कॅमेऱ्याच्या खोक्याचं सील जरा सैल वाटलं, तेव्हा मी तो घेऊन थेट बर्डीच्या बाजारात गेलो. तिथे एका जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करणारा म्हातारा बसायचा.

त्याने आधी शर्टाला हात पुसले. पट्ट्याच्या कड्या, स्क्रूंच्या खाचा, सगळं भिंगातून पाहिलं. मग माझा एक फोटो काढून कॉम्प्युटरवर टाकला. कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले, ते तिथे कळतं.

"बेचाळीस. त्यातला एक आताचा."

"म्हणजे वापरलेला! आत्ताच्या आत्ता परत करतो."

"तापता काहून, भाऊ? दुकानात लोकायले पाहाले ठेवला असन. ज्यायले घेनं जमत नाही, ते एखादा फोटो काढतेत न वापस ठेवतेत."

"तुम्हाला काय माहीत?"

कॅमेरा फडक्याने पुसता पुसता तो ओशाळून हसला. "नवीन माल आला का मी बी जातो ना पाहाले. दोन-तीन त्यातले माहेच असतीन."

तो कॅमेरा परत देऊ लागला, तर मी हात पुढे केला नाही.

"आणखी एक काढा," म्हटलं.

त्याने पुन्हा शर्टाला हात पुसले.