पाच स्वच्छ ड्रम

आमच्या घरात पाण्याचे पाच ड्रम आहेत आणि पाचही ड्रमना नंबर आहेत. नंबर मी घातले.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. (येतं म्हणजे, यायचं असतं.) शहर वाचवायचं तर सुरुवात आपल्या मोरीपासून, असं ठरवून मी गल्लीत पाणीबचत समिती काढली. समितीत मी आणि माझ्या भीतीनं आलेल्या चार बायका. मग फ्रिजवर यादी लागली. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं संडासात. एकदा आमचे हे बेसिनपाशी गाल फुगवून उभे राहिले आणि बोटांनी विचारू लागले, "ही चूळ कितव्या नंबरात टाकू?" मी फ्रिजकडं जाऊन पाहिलं. यादीत नव्हतं.

सासूबाई जालन्याकडच्या. बारा वर्षांत त्यांनी माझी एकही यादी वाचली नव्हती.

"पाण्याला बी नंबर? उद्या मला बी चिकटवशील!"

त्या गुरुवारी नळाचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीहून नणंद, तिचा नवरा आणि दोन मुलं यायची होती, चांगली चार दिवस राहायला. ड्रमांत दोनेक दिवसांचं पाणी शिल्लक होतं. मी ऑफिसातून सासूबाईंना फोन केला.

"आई, आज तरी यादीप्रमाणं करा हो. पाया पडते तुमच्या!"

"बरं बाई."

संध्याकाळी घरी आले तर अंगणात पाचही ड्रम उपडे. ओळीनं, नंबरानुसार, चकचकीत! शेजारी सासूबाई कंबर धरून बसलेल्या.

"आई, पाणी?"

"कुठलं पाणी? नळ आलाच नाय. मोठी पाइपलाइन फुटली म्हणं. चार दिवस नाव नको."

"मग ड्रममधलं?"

"दिलं की ओतून! लई घासले बघ. हात भरून आले."

मी फ्रिजकडं धावले. माझ्याच सुवाच्य अक्षरात, लाल रेघ मारून लिहिलं होतं: नळाच्या दिवशी – एक, ड्रम रिकामे करणे. दोन, घासणे. तीन, भरणे. 'आधी नळ आला का बघणे' ही पायरी कुठंच नव्हती!

"पण तुम्ही यादी कधी वाचता का हो?"

"आज वाचली तर ही बोलणी! तूच पाया पडलीस ना?"

आमच्या ह्यांनी टँकरवाल्याला फोन लावला. टँकर परवा! घरात उरल्या होत्या फ्रिजातल्या तीन बाटल्या आणि बर्फाचा एक ट्रे. नणंदेला 'येऊ नका' म्हणायची छाती तिघांपैकी एकाचीही नव्हती.

शेवटी मी पदराआड बादली लपवून बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला शिंदेभाऊ राहतात. त्यांच्याकडं बोअर आहे. मागच्याच महिन्यात पाइप लावून गाडी धुतात म्हणून मी त्यांना अख्ख्या गल्लीसमोर अर्धा तास झापलं होतं. आजही ते पाइप धरून गाडीच धूत होते. मला पाहिलं आणि नळाकडं पळाले.

"बंदच करतोय वहिनी! शप्पथ, आजच्यापुरतंच!"

मी बादली काढली आणि गाडीच्या दाराखाली सरकवली.

"बंद कशाला करता, भाऊ? मागचं चाक राहिलंय. जरा दमानं धुवा."