आत्याचं रडणं

नांदेडहून निघालेल्या एसटीने मला डोंगरकड्याला उतरवलं, तेव्हा माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर, रंग, सुईदोरा होता आणि डोक्यात नुसता गोंधळ. वडील इथल्या बंजारा तांड्यावरचे, आई पुण्यातल्या पेठेतली. मी चित्रं काढते, कापडावर टाके घालते, आवाज गोळा करते. ‘बंजारा-पुणेरी’ नावाचं प्रदर्शन मी मोठ्या तोऱ्यात जाहीरही करून टाकलं होतं. त्यातला बंजारा आणायचा कुठून, हे मात्र ठाऊक नव्हतं. वडील घरात गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली) कधी बोललेच नाहीत, आणि आता तर ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

तांड्याच्या वाटेवर हळद उकडत होती. कढईपाशी बसलेल्या एका बाईने विचारलं, “कुनाची गं तू?” मी वडिलांचं नाव सांगितलं. ती कढई सोडून उठली आणि मला थेट आत्याच्या दारात घेऊन गेली.

आत्या फेटिया (आरसे लावलेला घेरदार घागरा) सावरत आली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिने लांबलचक सूर लावला. मध्येच हुंदका, की पुन्हा सूर. मला वाटलं, पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं असावं. खरं सांगते, मला हाव सुटली. तिने दम घेतला तशी मी म्हणाले, “आत्या, फार छान. पुन्हा म्हणाल का? टेप लावते.”

आत्याने माझ्या खांद्यावरून डोकं उचललं.

“गानं न्हाई ते,” हळदीवाली बाई म्हणाली. “लई दिसांनी भेटलं की आमी असंच रडतो. तिचा भाऊ कसा गेला, ते इचारून राहिली ती. तू बी रडतच सांगायचं असतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तार आली व्हती,” आत्या म्हणाली. “तारंत काय कळतं?”

मला रडू येईना, बोलीही येत नव्हती. शेवटी मराठीतच सांगितलं. ताप उतरत नव्हता. चावता येत नसतानाही त्यांनी ज्वारीची भाकरी मागितली. सकाळी झोपेतच गेले. आत्या माझं एकेक वाक्य घेऊन गोरमाटीत रडायची आणि पुढच्या वाक्यासाठी माझ्या तोंडाकडे बघायची. मी त्यांच्यातली झाले, की नुसती निरोप सांगणारी, हे मला आजही कळलेलं नाही.

मग तिने डोळे पुसले, बाटी (भाकरी) आणि ठेचा वाढला. “गानं पायजे न तुला? लाव आता मशीन,” म्हणत लग्नाची दोन गाणी ठणठणीत आवाजात म्हटली.

परतीच्या प्रवासात ती कॅसेट मांडीवर होती आणि प्रदर्शनाचं नाव मला खोटं वाटू लागलं होतं. दुसरं सुचतही नव्हतं.

पुण्यात आईने दार उघडलं आणि मी तिच्या गळ्यात पडून रडू लागले. वडील गेले तेव्हाही आम्ही दोघी अशा रडलो नव्हतो. ती घाबरली.

“काय झालं गं? तिकडे कुणी काही बोललं का?”

“नाही. भेटलीस म्हणून रडतेय. तिकडे असंच करतात.”

शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने दार लावून घेतलं. मग हळूच विचारलं, “मोठ्यानेच रडायचं असतं का?”