सुई न लावणारी माणसं

आमच्या सुरतेत रेकॉर्डी जमवणाऱ्यांचा एक क्लब आहे आणि त्या क्लबात रेकॉर्ड वाजवायला बंदी आहे. चेष्टा करत नाही मी. वेसूतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या फ्लॅटवर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ही मंडळी जमतात. आधी वाफवलेल्या चणाडाळीचा लोचो आणि चहा हाणतात, मग हात धुऊन पांढरे हातमोजे चढवतात. मखमलीचं कापड घातलेल्या ताटात एक रेकॉर्ड येते आणि आरतीचं ताट फिरावं तशी सगळ्यांसमोर फिरते. ज्याची पाळी असेल तो तिच्या कव्हरामागची गोष्ट सांगतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. आतली तबकडी बाहेर काढायची नाही. कोपऱ्यात मोठा थोरला परदेशी प्लेअर आहे, त्याच्यावर भरतकामाचं झाकण आहे आणि झाकणावर गणपती आहे.

पहिल्याच रविवारी मी विचारलं, "हे वाजवत का नाही तुम्ही?" अध्यक्ष म्हणजे तेच कापडवाले शेठ. लहान मुलाला समजावावं तसे हसले. "वगाडवानी ना होय, बेन. साचववानी होय." वाजवायची नसते, जपायची असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाणं ऐकायचं नाही म्हणून एकमेकांची पाठ थोपटणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

आणि त्या गोष्टी! एका विलायती कव्हरावर नुसती रिकामी खुर्ची होती. ती रिकामी का, यावर एका डेंटिस्टनं पाऊण सकाळ खाल्ली. कोणी म्हणे गाणारा रुसून उठून गेला, कोणी म्हणे खुर्ची त्याच्या मेलेल्या बापाची. पुढच्या खेपेला त्याच खुर्चीवर त्याची बायको बसायची होती आणि ती पळून गेली होती. कुणीही विचारलं नाही की अहो, मागच्या वेळी तर बाप होता ना? थापा मारायच्या त्या निदान लक्षात तरी ठेवाव्यात. पण नाही. जो जास्त रंगवून सांगेल तो जास्त जाणकार.

मग मी तिथं का जात होते? मी मराठी शाळेत मास्तरीण आहे, रविवारी मला पेपर तपासायचे असतात. मी जात होते माझ्या मायसाठी.

माझी मावशी, म्हणजे मायची मोठी बहीण, गायची. जळगावकडच्या गावात त्यांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर रात्र रात्र गायचे. मुंबईच्या कुठल्याशा लहान कंपनीनं त्यांची एक रेकॉर्ड काढली. पुढं मावशी उभी, मागच्या कोरसात माय, परकर-पोलक्यातली. दुसऱ्याच वर्षी मावशी काविळीनं गेली. माय लग्न होऊन सुरतेत उधन्याला आली, बाप मिलमध्ये, आणि ती रेकॉर्ड कपाटात साड्यांच्या घडीखाली. घरात रेकॉर्ड होती, वाजवायला मशीन नव्हतं. घेऊ घेऊ म्हणत राहिलो. मग आम्ही कोसाडला राहायला गेलो आणि तापीचं पाणी घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला आलेल्या माणसांनी कपाटासकट सगळं ढिगाऱ्यावर टाकलं. म्हणजे मी मावशीचा आवाज कधीच ऐकलेला नाही. मायनं ऐकला, तोही ती परकरात होती तेव्हा.

आता मायचे कान चाललेत. डावा गेलाच, उजवाही जातोय. कानातलं मशीन कामापेक्षा शिट्ट्याच जास्त मारतं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिचं एकच पालुपद. "ऐकू येस तोपर्यंत एक डाव आक्काचा आवाज ऐकाड माले." बाकी काही मागत नाही ती. साडी नको, तीर्थ नको.

अशात शाळेतल्या एकीनं फोनवर एक फोटो पाठवला. काचेच्या फ्रेममध्ये रेकॉर्डचं कव्हर, त्यावर निळ्या साडीतली बाई, तोंडावर हात न घेता खदाखदा हसणारी. मी मायला दाखवला. तिनं फोन छातीशी धरला तो सोडेचना. फोटोखाली या क्लबाचं नाव होतं. त्यांच्या पुढच्या बैठकीच्या रविवारी मी वेसूला हजर.

फ्रेम दिवाणखान्यात मधोमध टांगलेली. समोरच्या भिंतीवर घड्याळ, तेही रेकॉर्डचंच. काळी तबकडी, तिला काटे, आकड्यांच्या जागी बारा पितळी खिळे आणि मधे क्लबाचं सोनेरी स्टिकर. वाया गेलेल्या रेकॉर्डींची अशी घड्याळं करून गेल्या वर्धापनदिनाला सभासदांना वाटली, असं मला कौतुकानं सांगण्यात आलं. टकटक मात्र जबरी. त्या क्लबात रेकॉर्डमधून आलेला आवाज मी ऐकला तो तेवढाच.

फ्रेममधल्या बाईची गोष्ट सांगायला सेक्रेटरी उभे राहिले. हे पुण्याकडचे, निवृत्त, शुद्ध बोलणारे. "ही तमाशातली बाई बरं का," म्हणाले. "फोटोग्राफर तिच्यावर लट्टू. ऐन क्लिकच्या वेळी त्यानं डोळा मारला आणि ही अशी लाजून हसली. बघा, त्या हसण्यात सगळं आलं." सगळे बघू लागले. कुणी 'वाह' म्हटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जयंतीच्या स्टेजवर गाणारी माझी मावशी, तिला ह्यानं लोचो खाता खाता तमाशात नेऊन बसवली.

मी उठून सांगितलं. ही माझी मावशी. फोटोवाल्याच्या मागे माझी माय उभी होती, डोळे तिरळे करून आणि जीभ बाहेर काढून. बहिणीला हसू आवरेना. फोटोवाला ओरडला, त्यानं तोंड मिटलेला दुसरा फोटोही काढला, पण कंपनीवाल्यांना हसराच आवडला. एवढीच गोष्ट.

मला वाटलं, ओशाळले. कसले ओशाळतात! अध्यक्ष म्हणाले, "सारू छे, बेन, पण स्टोरीमां दम नथी." सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या लोकांत अशा आठवणी असतातच, पण आम्हाला जरा संशोधन करून बोलावं लागतं." संशोधन म्हणे! डोळा मारल्याचं संशोधन कुठल्या ग्रंथात केलं होतं यानं?

तरी मी तोंड दाबून तिथं जात राहिले. कारण रेकॉर्ड त्यांच्याकडे होती आणि मायचे कान थांबायला तयार नव्हते. मी एकच मागत होते. एकदा, फक्त एकदा वाजवा. मी माझी सुई आणते, माझा प्लेअर आणते. अध्यक्ष दर वेळी छातीवर हात ठेवायचे, जसं काही मी त्यांचं मूत्रपिंड मागतेय. बाई म्हणून तिथं मी एकटी, त्यामुळे चहा गाळायला मात्र मला हक्कानं हाक मारायचे. गाळला मी. त्यांचा चहासुद्धा गाळला.

शेवटी वर्धापनदिन आला आणि कुणीतरी स्थानिक चॅनलवाल्याला बोलावलं. कॅमेरा येणार म्हटल्यावर अध्यक्षांचं काळीज एकदम मोठं झालं. गायिकेची सख्खी बहीण पुढच्या खुर्चीत, आणि तिच्यासाठी फ्रेम उघडणार. सेक्रेटरींनी त्याला नावही दिलं, 'सूर-पुनर्मीलन'. मी म्हटलं, काय वाटेल ते नाव द्या बाबांनो, वाजवा फक्त.

माय त्या दिवशी पहाटेपासून तयार. निळी साडी नेसली, मशीनला नवे सेल घातले. रिक्षात मला तीनदा म्हणाली की, दुसऱ्या कडव्याला नीट कान दे, तिथं आक्काचा आवाज असा वर जातो आणि मागून मी पण आहे.

तिथं गेल्यावर "आवो बा, बेसो बा" म्हणत सगळे मायच्या पुढं पुढं. पाया पडले, हार घातला, कॅमेऱ्याकडे बघत बघत. भाषणं झाली. प्लेअरवरचा गणपती उचलला, झाकण काढलं, प्लेअरचा लाल दिवा लागला. मायला कळावं म्हणून मी बोटानं दाखवलं. तिनं डोळे मिटले आणि मांडीवर हात ठेवला.

अध्यक्षांनी हातमोजे चढवले. फ्रेमचे स्क्रू काढले, काच उतरवली. कव्हर दोन्ही हातांवर तोलून कॅमेऱ्याला दाखवलं. मग आत दोन बोटं घातली. मग चार. मग कव्हर उलटं धरलं आणि अलगद हलवलं.

आत काही नव्हतं.

सेक्रेटरींनी अध्यक्षांच्या कानाशी तोंड नेलं, पण मी शेजारीच उभी होते, मला सगळं ऐकू आलं. फ्रेमवाला म्हणाला होता की तबकडीसकट काच नीट बसत नाही, फुगवटा येतो. म्हणून तबकडी काढून ठेवली होती. अशा बिनकव्हरांच्या आणखीही होत्या. आणि गेल्या वर्षी घड्याळं करायला दिल्या त्या त्याच. दोघांनी एकदम समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

मी कुणाला विचारलं नाही. खुर्चीवर चढून ते घड्याळ उतरवलं आणि नखानं सोनेरी स्टिकर ओढलं. खाली त्या लहान कंपनीचं लेबल. मावशीच्या नावाचं शेवटचं अक्षर तेवढं उरलेलं, बाकी नावाच्या जागी घड्याळाच्या मशीनसाठी पाडलेलं भलंमोठं भोक, आणि आकड्यांच्या खिळ्यांसाठी गाण्याच्या रेघांत आणखी बारा. एवढे दिवस मी त्याच्याखाली बसून चहा गाळत होते. इतक्या जपणाऱ्या माणसांनी कव्हर काचेत ठेवलं आणि माझ्या मावशीला भोक पाडून खिळ्याला टांगलं. बिनकव्हराची तबकडी म्हणजे त्यांच्या लेखी कचराच ना!

सगळे माना खाली घालून उभे. पहिल्यांदाच त्या खोलीत कुणाला गोष्ट सुचत नव्हती.

आणि त्या शांततेत माय मांडीवर ठेका धरून बसलेली. डोळे मिटलेलेच. थोड्या वेळानं कपाळाला आठी पडली. तिनं मशीनला हात लावून पाहिला, डोळे उघडले, सगळ्यांच्या खाली घातलेल्या माना पाहिल्या, प्लेअरचा दिवा पाहिला. मग अध्यक्षांकडे बघून अगदी अदबीनं म्हणाली, "आवाज जरा वधारो ने, भाई."

तिला वाटलं, रेकॉर्ड लागली आहे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो माणूस, तो कापडवाला, हातमोजे घातलेल्या हातानं रिकाम्या प्लेअरचं बटण फिरवायला लागला. सावकाश, मन लावून. "हवे बराबर, बा?"

माय त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. "हा, हा. आता बराबर." आणि पुन्हा डोळे मिटून मांडीवर ठेका. कॅमेरावाला गुडघ्यावर बसून तिच्या चेहऱ्याजवळ गेला. सेक्रेटरींनी रुमाल काढला. हलकटपणाला सीमा असते म्हणतात, मला त्या खोलीत ती दिसली नाही. नंतर त्यांनी त्या चित्रणाला मागून कुठलंसं बासरीचं संगीत जोडलं आणि फोनाफोनांवर फिरवलं. लोक रडले म्हणे. त्या कव्हराला आता नवी गोष्ट मिळाली, आणि तिच्यात दमही आहे.

मी मायला हाताला धरून उठवलं. घड्याळ पिशवीत टाकलं. "बेन, ते क्लबनुं छे," अध्यक्ष म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी दार स्वतः उघडून दिलं.

रिक्षा अमरोलीच्या पुलावर आली. माय माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माले तं काहीच नही आलं ऐकू. एक अक्षर नही."

मला वाटलं, कळलं तिला.

"पण एवढी मोठी मानसं," ती म्हणाली, "मान खाली घालीसन हुभी. हारतुरे केले. त्यासले कसं सांगू का माझे कान गेले? गेले आता, पोरी. संपलं ते." पदरानं डोळे पुसले. मग माझा दंड धरून वळवलं आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "तुले आलं ना? कशी म्हणत होती आक्का?"

पिशवीतलं घड्याळ माझ्या मांडीवर टकटक करत होतं.

"सुंदर म्हणत होती," मी तिच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. "दुसऱ्या कडव्याला असा वर गेला आवाज."

"आन् मागून मी? माझा आला का वं?"

"आला ना, माय. स्वच्छ आला."