जाड्या टायरची सायकल कशी थांबली

दाजींनी पुण्याहून सायकल पाठवली तेव्हा सगळं गाव ती बघायला आलं, आणि सगळ्या गावानं तिच्या टायरला बोटं खुपसून बघितली. एवढे जाडे टायर आम्ही फक्त फटफटीला बघितले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, पुण्यात एका सोसायटीत वॉचमन. तिथल्या कुठल्याशा साहेबानं ती सायकल दोन महिने चालवून टाकून दिली होती. का टाकून दिली, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मला तर अजिबात नाही, कारण मला ती हवी होती.

मी तेव्हा हुलसूरला पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावीला होते. कॉलेज आठला भरायचं आणि आमच्या गावाची एकुलती एक बस दहाला यायची, तीही ड्रायव्हरचा चहा झाला असेल तर. गावात मोबाईल एकच होता, आणि तो पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय बोलत नव्हता. तिथं पोरीच्या कॉलेजची काळजी कोण करणार! सायकल असेल तर शिक्षण, नसेल तर घरात भाकरी थापा. इतकी सरळ गोष्ट.

आमचं गाव माळावर. रस्ता खाली उतरतो तो चांगला लांब उतार, आणि पायथ्याशी आमचं खळं. साहेबानं सायकल का टाकली ते मला पहिल्याच दिवशी त्या उतारावर कळलं. ब्रेकच्या दोन्ही मुठी दाबल्या, बोटं पांढरी पडली, आणि सायकल आणखीच जोरात सुटली. समोरून म्हशी घरी येत होत्या. मी बोंबलले. म्हैस काही हलली नाही. उडाला तो माझ्या पुढच्या दाताचा कोपरा, आणि तो अजून सापडलेला नाही.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दात बघितला आणि निकाल दिला. "बास झालं. सायकल पुण्याला, पोरगी घरात."

अप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, उरलेलं बैलांमागं. ते म्हणाले, "जनावराला हाक मारली की थांबतंय. ह्याला काय म्हनायचं? ज्याला हाक ऐकू येत न्हाई त्याच्यावर बसायचं कामून?"

मी काही गप्प बसणारी नव्हे. दोन दिवस जेवले नाही. म्हणजे अप्पांसमोर जेवले नाही, माय मागच्या दारी भाकर द्यायची. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "अप्पा, थांबवून दाखवली तर?"

अप्पा उठले, खळ्यापाशी गेले आणि काठीनं रस्त्यावर आडवी रेघ ओढली. "दसऱ्याला सकाळी वरून ये. रेघेच्या आत थांबलीस तर कॉलेज. रेघ वलांडलीस तर इषय संपला."

दसरा तीन आठवड्यांवर होता. मी सायकल ढकलत हुलसूरला नेली. तिथले सायकलवाले चाचा म्हणजे त्या भागात सायकलचे डॉक्टर. त्यांनी ती उलटी केली, चाक फिरवलं, मूठ दाबली आणि हसतच सुटले. "अगे बेटी, टायर पैलवान का, ब्रेक बच्चे का!"

खरंच होतं. ब्रेकचे दोन हात वरून टायरला कवटाळायचे, पण टायर एवढा जाडा की ते पुरायचे नाहीत. रबर रिमवर बसायच्या ऐवजी टायरलाच घासायचं, आणि जोर दिला की ते पातळ हात वाकून बाजूला व्हायचे. चाचांनी मग दूधवाल्याच्या जुन्या सायकलचा सळईचा ब्रेक आणला. तो टायरवरून उतरेना. हातोडीनं ठोकून उतरवला. सायकल थांबली, पण मग ती जागची हलेचना.

"थांबली की न्हाई?" चाचा कौतुकानं म्हणाले.

"चाचा, नुसतं थांबायला माझ्या घरी खाट हाय!"

शेवटी ते म्हणाले, "पावर ब्रेक पायजे. गुलबर्ग्याला भेटंल. पण चाक आन चिमटा संगं ने, बसवून बघूनच घे." चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या लोखंडात बसतं ते.

तर माय आणि मी गुलबर्ग्याच्या बसमध्ये, माझ्या मांडीवर चाक, मायच्या मांडीवर चिमटा. कंडक्टरनं चाकाकडं बघून विचारलं, "ह्याला फुल का हाफ?" माय कुठलीही गोष्ट चेष्टेत घेत नसे. ती म्हणाली, "हाफ. अजून शाळेला न्हाई घातलं." सगळी बस हसली आणि माय माझ्यावरच चिडली की मी का हसले.

दुकानात मायनं सूत्रं हातात घेतली. तिचं माहेर तिकडचं, कानडी फडाफडा बोलायची. दुकानदारानं आधी एक चकचकीत ब्रेक ठेवला. आमच्यासारखाच, फक्त हात लांब. मायनं तो दोन्ही हातांत धरून पिळला आणि वाकवूनच परत दिला. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. मग त्यानं काळा, ओबडधोबड पावर ब्रेक काढला. ह्याचे हात वरून येत नाहीत, म्हणाला, चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन खुंट्यांवर उभे राहतात. तार वरची डोकी एकमेकांकडं ओढते. मधे टायर कितीही जाडा असू दे, ह्यांना काय फरक पडत नाही. मायनं पिळून बघितला. तो वाकेना. माझ्यासमोर तिनं तीनदा प्रयत्न केला, शेवटी दुकानाच्या दाराला पाय लावून.

पण आमच्या चिमट्याला खुंट्या नव्हत्या, म्हणून चिमटा नवा. ह्या ब्रेकला तार जास्त ओढावी लागते, म्हणून मूठही नवी. "म्हंजे सायकलच नवी घ्या म्हन की!" माय दुकानदारावर खेकसली. मग माझ्या दाताकडं बघितलं आणि म्हणाली, "काळा दे. सगळं दे."

मागच्या चाकाच्या खुंट्या हुलसूरच्या वेल्डिंगवाल्यानं जोडल्या. तो एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायचा. त्या खुंट्यांना बैल बांधला असता तरी चाललं असतं. चाचांनी रबरं रिमच्या बरोबर मधे बसवली आणि मला दम भरला, "साखळीला तेल दे. रिमला तेलाचं बोट बी लावू नको. सुकी रिम हाय तर ब्रेक हाय." मी मान डोलावली. सपाट रस्त्यावर दहा वेळा थांबवून बघितली. जिथं म्हणेन तिथं! मी तर मनातल्या मनात दुसऱ्या वर्षाची पुस्तकंसुद्धा घेऊन टाकली.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन मांडली. विळे, कोयते, नांगराचा फाळ, मायची शिलाई मशीन, आणि टोकाला सायकल. हळद-कुंकू लागलं, चाकाखाली लिंबू आलं. सायकल एकदम सोवळ्यातली दिसायला लागली.

दसऱ्याला सकाळी मी उतारावर उभी. खाली रेघ, रेघेपलीकडं घोंगडी खांद्यावर टाकून अप्पा, बाजूला माय, आणि आपलं काम बघायला मुद्दाम आलेले चाचा. मी निघाले. अर्ध्यात आल्यावर थाटात दोन्ही मुठी दाबल्या.

काही झालं नाही.

आणखी दाबल्या. काहीच नाही! रबरं नुसती गुळगुळीत सरकत होती. "सरका!" मी किंचाळले. अप्पा सरकले नाहीत. दोन्ही हात वर करून, उधळलेला बैल थांबवावा तसे सायकलला ओरडायला लागले, "व्हो! व्हो! व्हो!" शेवटच्या क्षणी चाचांनी त्यांची घोंगडी धरून ओढली. मी रेघ ओलांडली, खळ्यात शिरले आणि सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात कमरेपर्यंत गेले.

तिथंच बसून मी भोकाड पसरलं. लागलं म्हणून नव्हे. संपलं म्हणून. तोंडात भुसकट, डोळ्यांत पाणी, आणि कॉलेज गेलं.

चाचांनी चाकावरून बोट फिरवलं, वास घेतला. "करडीचं तेल," ते म्हणाले. "कौन लगाया?"

मी मायकडं बघितलं. मायनं अप्पांकडं. अप्पांनी जमिनीकडं.

"मीच लावलं," ते म्हणाले. "काल पुजेच्या वक्ताला. चाकं कोरडी दिसायलीती. बैलाच्या शिंगाला लावतो की न्हाई? म्हटलं, पोरगी कॉलेजला जायलीय, सुरळीत जाऊ दे."

मी रडायची थांबले. पोरगी कॉलेजला जायलीय. रेघ यांनीच ओढलेली, आणि आदल्या दिवशीच माझ्या जाण्याला तेलही यांनीच लावलेलं. राग आला, आणि भरूनही आलं. मी म्हटलं, "अप्पा, माझा जीव गेला असता की!" आणि परत रडले.

अप्पांनी स्वतः राख आणली, साबण आणला. दोन्ही रिमा घासल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या. कुणाला हात लावू दिला नाही. मग सायकल स्वतःच ढकलत उतार चढून वर नेली, माझ्या हातात दिली आणि खाली येऊन ह्या वेळी रेघेच्या अलीकडं उभे राहिले. माय ओरडत होती, पण ते कुणाचं ऐकतात!

मी आले. मुठी दाबल्या. रबरांनी रिम कचकन धरली. सायकल अप्पांच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबली. तोवर त्यांचं "व्हो!" म्हणून झालंच होतं.

"ऐकतंय की," अप्पा चाचांना म्हणाले आणि त्यांनी टायरवर थाप मारली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोमवारी आठला हाय न्हवं? मायला सांग, भाकर लवकर थापून दे म्हनावं."