नॉर्मलबाईचं माप

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘नॉर्मल’ म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते कुणाला आठवतंय! मास्तरांनी नवा ड्रेस बेतला की हाक यायची, नॉर्मलला बोलवा. मग ती मशीन सोडून उठायची, कच्च्या टाक्यांचा ड्रेस अंगात घालायची आणि हात पसरून उभी राहायची. मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे. ना जाड ना बारीक, ना उंच ना ठेंगणी. हिला बसला की मिडियमवाल्या सगळ्यांना बसणार, असा त्यांचा हिशेब. टेप वापरून वापरून ताणली जाते, ही ताणली जात नाही, असं कौतुकानं सांगायचे. आता यात कसलं आलंय कौतुक! पण त्या उभं राहण्याच्या वरकमाईवर घरभाडं निघायचं, म्हणून तीही हसायची.

घरी तरी काय वेगळं होतं म्हणा. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. पाणी कसलं देऊ विचारलं, तर गार नको, कोमट नको, नॉर्मल चालेल. नवऱ्यानं चुकून कशी आहेस विचारलंच, तर नॉर्मल. तोही बापडा पुढे काही विचारायचा नाही. सासू अंथरुणाला खिळल्यापासून तर तिला श्वास घ्यायची फुरसत नव्हती. सगळ्यांचं खाणंपिणं उरकेपर्यंत तिची भूक मरून जायची. दमल्याचं काय सांगायचं, सगळ्याच बायका दमतात, असं तीच स्वतःला समजावायची.

मग दुकानांतून तक्रारी यायला लागल्या. मिडियम घेणाऱ्या बायकांना मिडियम होईना. दुकानदारांनी आधी बायकांनाच शहाणपण शिकवलं, की ताई, तुमचं वजन वाढलंय. बिचाऱ्यांनी गोड सोडलं, काही तर सकाळी उठून पळायला लागल्या. तरी काखेत दाटायचं ते दाटायचंच. शेवटी गठ्ठेच्या गठ्ठे परत आले आणि मालक भडकले. कापड आटलं असेल म्हणून मास्तरांनी ते धुऊन पाहिलं, शिवणाऱ्या बायकांना झापलं, पण गुंता काही सुटेना.

तिला मात्र कळून चुकलं होतं. ती आतून दोन जाड बनियन घालून यायला लागली. हे काम गेलं तर भाडं कुठून आणायचं, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

एक दिवस खांद्याला टाचणी लावताना मास्तरांच्या बोटांना तो जाडपणा लागला. त्यांनी तिला बनियन काढून यायला सांगितलं, कोरी टेप आणली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. रोज डोळ्यांसमोरचं माणूस थोडं थोडं आटत गेलं होतं आणि त्याच्या मागोमाग मास्तर मिडियमही लहान करत आले होते. हे बघत उभे असलेले मालक दारातूनच म्हणाले, उद्यापासून दुसरी बघा.

मास्तर टेप गुंडाळत राहिले.

“बाई, हे नॉर्मल नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “डॉक्टरला दाखवा. एवढ्या वाळलात, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“घरी टेप नाही, मास्तर.”

ती हसायला गेली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. भाड्याची काळजी होतीच, पण आपण संपत चाललोय हे कुणाला तरी दिसलं, एवढ्यानंच तिला रडू फुटलं.