बारा चुलींची वाडी

"चुली किती?"

शुक्रवारी सकाळी कतारमधल्या नजमा भागातल्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून मामा गावी फोन लावायचे आणि पहिला प्रश्न हाच विचारायचे, म्हणजे वाडीत अजून किती घरांत चूल पेटते. तब्येत, पाऊसपाणी नंतर. पलीकडून त्यांची चुलतवहिनी सांगायची, "बारा." मामा मान हलवायचे आणि मग कुठे चहाचा घोट घ्यायचे.

तुमच्याही ओळखीत असं माणूस असेल, राहायला एकीकडे आणि जीव भलतीकडे. मी एसी दुरुस्तीच्या कंपनीत कामं वाटून द्यायचो. मामा आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, रत्नागिरीकडच्या एका लहानशा वाडीतले. लग्न राहून गेलेलं. आई वारल्यावर घराला कुलूप लागलं. गराफा भागातल्या एखाद्या व्हिलात मी सोबत असलो, की काम उरकून 'यल्ला', चला, म्हणत गाडीत बसायचे आणि वाडीची हकीकत ऐकवायचे.

"पैका आला तशी मानसं गेली, सायेब. पोरांनी गल्फच्या पैशावर स्लॅबची घरं बांधली, गुलाबी रंग दिला नि कुलपं लावली."

मी एकदा गमतीने विचारलं, "मामा, तुमची चूल त्या बारांत धरता का?" ते हसले नाहीत. माझी मलाच लाज वाटली.

मग वाडीच्या शाळेचा पट घसरला. शाळा बंद करायची बोलणी सुरू झाली. त्याच सुमारास आंब्याच्या बागेची राखण करणारं एक नेपाळी कुटुंब जागा शोधत होतं. नवरा-बायको आणि तीन मुलं. मामांनी आपलं दोन खोल्यांचं घर त्यांना उघडून दिलं. मुंबईचा भाऊ फोनवर ओरडला, "परक्यांना घरात घालतोस?"

"परका म्हंजे? तीस वरसं मी हितं कोन हाय?"

मामांच्या खोलीत सहा खाटा होत्या, त्यातल्या दोन नेपाळ्यांच्या. त्यातल्या एकाने, भांडण कशावरून ते न कळताही, मामांपुढे चहाचा कप सरकवला.

तिन्ही मुलं शाळेत गेली. शाळा वाचली. त्या शुक्रवारी चुली तेरा झाल्या आणि मामांनी सगळ्या खोलीला करक चहा पाजला.

गेल्या वर्षी कंपनीने जुन्या माणसांना घरी पाठवायचं ठरवलं. तीन महिन्यांच्या मुदतीचा कागद मीच त्यांच्या हातात दिला. "खलास," मामा म्हणाले आणि घर रिकामं करून घ्यायला पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गेले. नवव्या दिवशी परत आले.

"सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"नाय. दारात गेलो तर धाकटी पोरगी म्हनली, तुमी कोनाकडं आलाव? आमच्याच बोलीत, सायेब. माज्या आयशीसारखा हेल काढून." "म्हटलं, सहज आलोय. वहिनीकडं झोपलो. नुसता शब्द काढला असता, तरी ती बिचारी बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावच्या बागंवर गेली असती. मी गेलो तर एक वाढंल, पाच जातील. शाळापन जाईल."

"मग तुम्ही राहणार कुठे?"

"बघू. इन्शाल्ला."

मी वर शब्द टाकायला हवा होता. टाकला नाही. नोकरी मलाही प्यारी होती, हे आज कबूल करतो.

मुदत संपली आणि मामांची खाट रिकामी झाली. खोलीतले म्हणाले, पेटी घेऊन निघाले, गावीच गेले असतील. त्यांचा मोबाइल कायमचा बंद. तेव्हापासून मन्सूरा भागात दुकानासमोर किंवा बस स्टॉपवर एखादा पांढऱ्या केसांचा पाठमोरा माणूस दिसला, की माझे पाय तिकडे वळतात. जवळ जाऊन बघावं तर दुसराच कुणीतरी.

परवा धीर करून मी त्यांच्या गावच्या घरी फोन लावला. तिथल्या बिऱ्हाडाचा नंबर त्यांनीच कधीतरी दिलेला. एका बाईने उचलला. मागे मुलं पाढे म्हणत होती.

"घरमालक आहेत का?" मी विचारलं.

"मालक? ते हितं कुटं? ते कतारला असतात ना," ती म्हणाली. "तुमी कुटनं बोलताव?"

मला 'कतारहून' म्हणवलं नाही.