बॉलपेनचं घड्याळ

अख्ख्या सोलापुरात माणसाला तोंडावरून न ओळखता रक्तावरून ओळखणारा एकच इसम असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. मुलांच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं. भवानी पेठेत कुणी नमस्कार केला की हे आधी आठ्या घालतात आणि मग एकदम उजळतात, "हां हां, पांढऱ्या पेशी दोन हजार! आता किती?" समोरचा तोवर इंजिनियर होऊन, लग्न करून बसलेला असतो, आणि शेजारी उभी असलेली त्याची बायको घाबरते.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळे घरोघरी बॅरल भरलेले. साडू कुणाकडेही गेले की चपला काढायच्या आधी बॅरलचं झाकण काढतात. मेव्हण्यासाठी बार्शीला मुलगी बघायला गेलो, तर मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि हे परसात मोबाईलचा उजेड पाडून डासांच्या अळ्या शोधत होते. परतताना विचारलं, "स्थळ कसं वाटलं?" तर म्हणाले, "लई चांगली माणसं. बॅरलात एक अळी न्हाई!" लग्न जमलं, संसार झकास चाललाय, आणि त्याचं श्रेय ते अजून त्या बॅरललाच देतात.

पोरं मात्र त्यांच्यावर जीव टाकतात. सुई टोचून झाली की ते रडणाऱ्या पोराच्या मनगटावर निळ्या बॉलपेननं घड्याळ काढणार. पट्टा, चावी, आकडे, सगळं. काटे कुठं? तर उद्या पुन्हा रक्त द्यायला यायची जी वेळ, तिथं. डेंग्यू म्हटलं की लोक प्लेटलेट विचारतात आणि पपईच्या पानाचा रस काढायला धावतात. साडूंचं लक्ष भलतीकडेच. रक्त घट्ट होतंय का, लिव्हर कुरकुरतंय का, पांढऱ्या पेशी कुठवर उतरल्या? "एका दिवसाच्या रक्तावरनं काय कळतंय हो? कालचं आन् आजचं शेजारी ठेवलं, की कुठलं पोरगं बिघडणार ते आधीच दिसायला लागतंय." मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, झालं यांचं सुरू!

तीन वर्षांपूर्वी, ऐन गणपतीत, आमच्या चिमीला डेंग्यू झाला. सहा वर्षांची होती. तापाच्या तिसऱ्या दिवशी साडूंनी रक्त घेतलं आणि मनगटावर दुसऱ्या दिवसाचे दहा वाजवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ताप गायब! आम्ही देवापुढे साखर ठेवली. ताप उतरला की लेकराला न्हाऊ घालायचं, ही आमच्या घरची रीत. मीच हौसेनं साबण लावला, मनगट घासघासून पुसलं. "आता कशाला टोचायचं पोरीला?" हेही मीच म्हणालो. पोट दुखतंय म्हणाली तर ओवा दिला. गप्प पडून राहिली, तर वाटलं थकलीय बिचारी.

साडेदहाला दारात स्कूटर. साडू पांढऱ्या कोटातच आलेले. आयुष्यात पहिल्यांदा बॅरलकडे न बघता आत आले.

"पोरगी कुटं हाय?"

"अहो, ताप उतरला की!" मी हसत सांगितलं.

"म्हणून तर आलो. ताप उतरतानाच घात होतोय." त्यांनी चिमीचे तळपाय धरले. "गार हायत. उचला हिला."

दवाखान्यात कालचा आणि आजचा रिपोर्ट शेजारी ठेवला, तेव्हा मलासुद्धा कळलं. रक्त घट्ट झालं होतं, पेशी कोसळल्या होत्या. डॉक्टरांनी तिथल्या तिथं सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता तर अवघड होतं, म्हणाले. मी जिन्यात बसून ढसाढसा रडलो. "मी तिचं घड्याळ धुतलं हो, साडूभाऊ!" ते शेजारी टेकले, पाठीवर हात ठेवला. "वेळ गेली न्हाई अजून. गप ऱ्हावा." चौथ्या दिवशी चिमीनं शेंगाचटणी मागितली, तेव्हा डोळे पुसत होते ते साडूच.

आता त्या दवाखान्यात तापाचं पोरगं आलं की पहिल्याच फेरीत रक्ताचा घट्टपणा, लिव्हर, पांढऱ्या पेशी, सगळ्या तपासण्या होतात, आणि केसपेपरवर उद्याची वेळ लिहिलेली असते. तरणे डॉक्टर साडूंच्याच पद्धतीनं दोन दिवसांचे आकडे शेजारी मांडतात, आणि बरीच पोरं वेळेत सावरतात. साडूंची तक्रार एकच, "कागद घरी इसरतेत. मनगट कोण इसरतंय?" आणि मग माझ्याकडे बघतात.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं चालू असताना चिमीनं त्यांचा हात ओढून बॉलपेननं मनगटावर घड्याळ काढलं. पाच वाजवले. "काका, उद्या पाचला आमच्याकडे चहाला. धुवायचं नाही हं!"

दुसऱ्या दिवशी बरोब्बर पाचला स्कूटर वाजली. कोट नव्हता, त्यामुळे माणूस जरा लहानच वाटला. आधी बॅरल बघितला, मग चपला काढल्या. डाव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. ती सावकाश सोडून त्यांनी मनगट चिमीपुढे धरलं.

"बघ. आंघोळ करूनबी पुसू दिलं न्हाई."

मी चहा ठेवायला आत गेलो.